चिंचेचा लेप

आमच्या घरात उन्हाशिवाय कुठलीच गोष्ट पक्की होत नाही, असं आईचं ठाम मत होतं, आणि आईच्या मतापुढे बोलायची आमच्यापैकी कोणाची टाप नव्हती. चैत्र लागला की जळगावचं ऊन धाब्यावर उतरायचं. धाबं म्हणजे आमच्या मातीच्या घराचं सपाट छप्पर. त्यावर जुनी लुगडी अंथरून चार दगडांनी दाबायची आणि मग दीड-दोन महिने तिथे काही ना काही वाळतच असायचं. ज्वारीच्या पापडांसारख्या बिबड्या, गव्हाच्या चिकाच्या कुरडया, उडदाचे पापड, कच्च्या केळ्याच्या चकत्या, लाल मिरच्या. ओल्या बिबड्या मी चोरून खायचे आणि आई खालूनच ओरडायची, "शके, मोजून ठेवल्यात हं!" कसल्या मोजून ठेवतेय! पण तिच्या आवाजाने हातातली बिबडी हातातच राहायची. "ऊन खाल्लेली वस्तू वर्षभर दगा देत नाही," हे ती इतक्यांदा म्हणायची की मला ते अभ्यासाच्या पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ झालं होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते आमच्याच घरात होऊ शकलं असतं. दुसऱ्या कोणाला ते सुचलंच नसतं.

आबा, म्हणजे माझे वडील, शिंपी होते. ओसरीवर त्यांचं मशीन. सकाळी आंघोळ झाल्यावर जे सुरू व्हायचं ते दुपारच्या जेवणापर्यंत. मग तासभर आबा तिथेच चटईवर आडवे व्हायचे, आणि उठले की पुन्हा दिवेलागणीपर्यंत खडखड खडखड. लांबून रेल्वेची शिट्टी यायची, केळीच्या वॅगनी हलवल्याचे धक्के ऐकू यायचे, पण घराचा खरा आवाज मशीनचा. तो थांबला की घर श्वास धरून बसल्यासारखं वाटायचं. आबा फार बोलत नसत. बायाबापड्यांची मापं घेताना मान खाली, टेप दोन बोटांत धरलेला, स्पर्श होईल न होईल असा. बऱ्याचदा टेप लागायचाच नाही. बाई दारातून आत आली की नुसतं बघून म्हणायचे, "वहिनी, दंड अर्ध्या इंचाने वाढला की तुमचा." बायका लाजायच्या, हसायच्या आणि पुढच्या वेळी आपल्या पोरींना घेऊन यायच्या. आबांनी आम्हां बहिणींवर कधी हात उचलला नाही. ते खातं आईकडे होतं, आणि ती ते नेमाने चालवायची.

माझी मोठी बहीण विमल. तिला आम्ही अक्का म्हणायचो. मी अकरा-बारा वर्षांची असेन, ती एकोणीसची. आमच्या समाजात तोवर मॅट्रिक झालेली मुलगी म्हणजे अक्काच, आणि आईला त्याच्या अभिमानापेक्षा धास्तीच जास्त होती. अक्काचा रंग उजळ, केस गुडघ्याला टेकणारे, पण गाल मात्र खरखरीत. चौदाव्या वर्षी पुटकुळ्या आल्या त्या गेल्या, खुणा ठेवून गेल्या. दोन ठिकाणची माणसं बघून गेली आणि "कळवतो" म्हणाली. कळवतो म्हणणारी माणसं कधी कळवत नाहीत, हे मला त्याही वयात कळलं होतं. मग धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक होता. त्याच्या आईने मध्यस्थाकरवी निरोप पाठवला होता की मुलगी शिकलेली आहे तर लग्नानंतर धुळ्याच्या अध्यापिका विद्यालयात घालू, तीही मास्तरीण होईल. हे ऐकलं त्या दिवशी अक्का चुलीपुढे बसून रडली, आणि रडता रडता भाकरी थापत राहिली. तिला नवरा कसा आहे याची पंचाईत नव्हती हो. तिला फळा हवा होता, खडू हवा होता. रात्री अंथरुणात मला म्हणाली, "शकू, हे एवढं जमलं ना, तर मी आयुष्यात दुसरं काही मागणार नाही." अशी बोलणी देव नेमकी ऐकतो, असं मला अजून वाटतं.

माणसं वैशाखात, पंधरा दिवसांनी येणार होती. आईने जिजामायला बोलावलं. जिजामाय धुळ्याकडच्या खेड्यातली. बाळंतिणींना न्हाऊ घालायची, लेकरांना मालीश करायची आणि लग्नाच्या मुलींचे चेहरे मऊ करून द्यायची. तिचा हात म्हणजे नुसतं लोणी, आणि जीभ तेवढीच तिखट. तिने चिंच कोमट पाण्यात भिजवली, कोळ काढला, त्यात चमचाभर आंबट ताक आणि मसुरीचं पीठ कालवलं. दिवे लागल्यावर, आबा बाहेर गेले असताना, अक्काला पाटावर बसवून तो लेप लावला. मी तिच्या कोपराला चिकटून बघत होते. "चुरचुर होस का?" तिने विचारलं. अक्काने मान हलवली. "होवू दे. वरनी मरेल कातडी निंघी जास." वरची मेलेली कातडी निघते, एवढंच. घटकाभराने तिने थंड पाण्याने चेहरा धुतला, खोबरेल लावलं. आणि जाताना बोट नाचवून मला म्हणाली, मलाच, कारण आई चहा टाकायला आत गेली होती, "ऐक व पोरी. आठ दिनमा एकच दाव. दिवा लागना का मंगच. आनि ऊन नको लागू दिजो. खान्देसनं ऊन शे हाई, हाई कोन्हंच नही." आठ दिवसांतून एकदाच, तेही दिवेलागणीनंतर, आणि ऊन लागू द्यायचं नाही, हे ऊन कोणाचंच नसतं. तिन्ही गोष्टी मला स्वच्छ कळल्या होत्या. कळल्या नव्हत्या असं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही.

आणि लेपाने गुण दिला, हीच तर खरी गोम. चार दिवसांत अक्काच्या गालाला हात लावला की फरक कळायला लागला. आईने तिला उजेडात नेऊन हनुवटी वर करून पाहिलं आणि वर्षभरात पहिल्यांदा तिच्या तोंडून "बरी दिसतेय हो पोर" असं निघालं. जिजामायला पुन्हा बोलवायला मला पिटाळलं, तर तिच्या दाराला कुलूप. लेकीच्या बाळंतपणाला गावी गेली म्हणून शेजारणीने सांगितलं, महिनाभर येणार नाही. मी परत येऊन हे सांगितलं तेव्हा आई पितळेची भांडी घासत बसली होती. चिंच लावून घासलेली घागर तिने उन्हात पालथी घातली, ती झळाळत होती. आईने घागरीकडे बघितलं, अक्काकडे बघितलं आणि म्हणाली, "त्यात काय एवढं, आपणच लावू. शकीने बघितलंय ना सगळं?" मी म्हटलं, "हो, सगळं." "काही पथ्यपाणी सांगितलंय का तिने?" त्या वयात पहिल्यांदाच घरात कोणीतरी मला विचारून काही करत होतं. आठ दिवसांतून एकदा म्हणाले असते तर माझी ही मास्तरकी तिथेच संपली असती. मी म्हटलं, "नाही. नुसतं लावायचं."

मग आम्ही रोज लावायला लागलो. अति तिथे माती, हे आईच इतरांना सांगायची, पण स्वतःच्या घरात कोण ऐकतं? संध्याकाळी जमेना, कारण दिवेलागणीला आबा घरात आणि ओसरीवर गिऱ्हाइकं. पोरीच्या तोंडाला काही लावतोय हे एकीने बघितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीत झालं असतं की, "मुलीच्या चेहऱ्यात खोट आहे, लपवताहेत." आबांनाही सांगायचं नव्हतं. तो बायकांचा मामला. तेव्हा उरली दुपार. आबा आडवे झाले, मशीन थांबलं की आम्हां दोघी बहिणींनी जिना चढायचा. कोणी विचारलं तर बिबड्यांवर कावळे बसतात म्हणून राखण करतोय. त्या दुपारी धाब्यावर चप्पल घालूनही पाय उचलावे लागायचे. सगळ्या गावावर एक माणूस दिसायचं नाही. कावळेही नसायचे, खरं सांगायचं तर. ते लिंबाच्या झाडात चोची वासून बसलेले असायचे. आणि खाली ती शांतता, मशीन थांबल्याची.

लिंबू ही माझी अक्कल. माणसं यायला पाच दिवस उरले होते आणि आईची घाई उतू चालली होती. चिंचेपेक्षा लिंबाने तांब्या जास्त चकाकतो हे मी रोज बघत होते. म्हणून मंगळवारी मी टोपलीतली तीन कागदी लिंबं ओच्यात टाकली आणि वर नेली. लेपात पिळली. डाव्या हाताने पिळायची, रस मनगटापर्यंत ओघळायचा. लेप लावताना अक्का चुरचुरीने मान मागे घ्यायची, म्हणून तोच ओला डावा हात मी तिच्या जबड्याखाली, गळ्याशी घट्ट लावायचे. अंगठा एका बाजूला, चार बोटं दुसऱ्या बाजूला. उजव्या हाताने लेप थापायचा. आणि मग मी म्हटलं, "अक्का, अशीच उन्हात बस. पक्कं होईल." ती म्हणाली, "ऊन चालतं ना गं? जिजामाय काही बोलली होती का?" लेप ओठांपर्यंत होता, तोंड न हलवता तिने हे विचारलं. मी म्हटलं, "लेपाच्या आत कुठे ऊन जातंय? उलट वाळेल लवकर." बिबड्यांच्या दोन ओळींमध्ये पाट टाकून ती बसली, डोळे मिटून, चेहरा वर करून. मंगळवारी बसली, बुधवारीही बसली. मी कडेला सावलीत बसून तिला हसवायचा प्रयत्न करत होते, कारण हसली की लेप तडकायचा आणि ती मला दटावायची.

माझी नात मागच्या दिवाळीत पुण्याहून आली होती. तिच्या पिशवीत एक चिमुकली बाटली. फळांतलं सौम्य आम्ल आहे म्हणे, त्याने वरची कातडी हळूच निघते आणि चेहरा मऊ होतो. मी म्हटलं, "अगं, ही तर आमची चिंच!" ती हसली. मी चष्मा लावून बाटलीमागची बारीक अक्षरं वाचली. आठवड्यातून एकदा लावा. रात्री लावा. उन्हात जाऊ नका. जिजामायला अक्षरओळख नव्हती, आणि तिने तेच, त्याच क्रमाने सांगितलं होतं. नातीला म्हटलं, हे शेवटचं वाक्य तेवढं नीट वाच. ती "हो गं आजी" म्हणाली, ज्या सुरात मी आईला म्हणायचे. पुढे एकदा कातडीच्या डॉक्टरांना मी विचारलंही होतं. त्यांनी सांगितलं की लिंबाचा रस अंगावर असताना कडक ऊन लागलं तर कातडी भाजते, पण लगेच कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठते, आणि जिथे रस लागला असेल तिथेच, त्याच आकाराची. एवढं साधं. मी त्यांच्यापुढे मान हलवत बसले आणि बाहेर बाकावर बसले ती बराच वेळ उठलेच नाही.

कारण त्या बुधवारी खरंच काही झालं नाही. चेहरा धुतला तर गाल तांबूस आणि गुळगुळीत. अक्काने आरशात पाहून मला चक्क मिठी मारली. संध्याकाळी तिने मान खाजवली. रात्री उशी बदलून मागितली. गुरुवारी सकाळी जबड्याखाली लाली दिसली, आई म्हणाली उष्णता झाली असेल, सब्जा प्यायला दिला. शुक्रवारी मी जागी झाले तर अक्का अंथरुणात बसून एका हाताने गळा झाकून बसलेली. "शकू, बघ ना गं काय झालंय." तिने हात काढला. उजव्या बाजूला जबड्याखालून गळ्यापर्यंत चार लांबट फोड, एकाखाली एक. डाव्या बाजूला एक आखूड, जाड. गालांना काही नव्हतं. जाड लेपाने गाल वाचवले होते. मी ते बघितलं आणि माझी बोटं आपोआप मुठीत गेली. अक्काही बघत होती, माझ्या मुठीकडे. शनिवारपर्यंत फोड बसले आणि खाली काळपट तपकिरी वळ उरले. कोणीतरी गळा धरला होता, असंच कोणालाही वाटलं असतं.

आईने आधी मला बडवलं, मग कपाळ बडवलं. "उद्या माणसं येणार आणि ही पोर असं तोंड घेऊन बसणार! कर्म माझं!" हळद, तूप, चंदन, सगळं झालं. काळं हललं नाही. शेवटी तिने ठरवलं की गळाबंद पोलकं घालायचं, वरून पावडर लावायची आणि कोणी विचारलंच तर पडली म्हणून सांगायचं. "लेपाचं नाव काढाल तर याद राखा. खोट होती म्हणून घासत बसले असं म्हणतील. आणि ह्यांना तर मुळीच कळता कामा नये." गळाबंद पोलकं शिवायला आबाच लागणार होते. अक्का ओसरीवर गेली, मान खाली घालून उभी राहिली. मी दाराआडून बघत होते. आबांनी टेप तिच्या गळ्याभोवती नेला आणि हात तिथेच थांबला. त्यांनी तिची हनुवटी एका बोटाने किंचित वर केली. बघितलं. अगदी जवळून, डोळे बारीक करून, कापडाचा पोत बघतात तसं बघितलं. "काय झालं, बाई?" "पडले, आबा." आबांनी टेप गुंडाळला, कापड घेतलं आणि मशीन सुरू झालं. त्या दिवशी दुपारी ते आडवे झालेच नाहीत. मशीन एकसारखं चालू होतं आणि मला मात्र ते थांबावं असं वाटत होतं.

रविवारी धुळ्याची माणसं आली. मुलगा, त्याची आई आणि मामा. आईने पहाटेपासून खापरावर पुरणाचे मांडे केले होते, आमरस होता, घर तुपाच्या वासाने भरून गेलं होतं. मुलगा खरोखर चांगला वाटला, अक्काला त्याने विचारलं, "गणित आवडतं की भाषा?" आणि ती म्हणाली, "शिकवायला मिळालं तर दोन्ही." सगळे हसले. मुलाची आई तर खूषच झाली, अक्काला शेजारी ओढून बसवलं. वैशाखातली दुपार, गळ्यापर्यंत बंद पोलकं. अक्का घामाने निथळत होती. ती माउली म्हणाली, "काय व माय, एवढ्या उन्हाळ्यात गळा आवळून बसलीस! जीव घाबरा होईल पोरी." आणि मायेने, खरंच मायेने, तिने आपल्या पदराने अक्काचा गळा पुसला आणि वरचा हूक काढला. पदराला पावडर आली. तिचा हात तसाच राहिला.

"हे कशाने झालं?" आई चटकन म्हणाली, "पडली हो, जिन्यावरून. धांदरट आहे." मुलाच्या आईने पुन्हा बघितलं. तिचा आवाज खाली आला. "पडल्यावर गळ्यावर पाच बोटं उठतात होय, बाई? मीही लेकीची आई शे." मामांनी हातातलं ताट खाली ठेवलं. ते आबांकडे वळले. "हे बघा भाऊ, पोरीच्या मनात नसेल तर तसं सांगा. मारून-मुटकून आम्हाला सून न्यायची नाही. हात कोणी टाकला हिच्यावर?" मी मधल्या दारात मांड्यांची परात घेऊन उभी होते. मला सगळं माहीत होतं. एक वाक्य. मावशी, ते लिंबू आहे, मी लावलं. नाहीतर नुसती पुढे जाऊन डावा हात अक्काच्या गळ्याला लावला असता तरी पुरलं असतं. मी परात खाली ठेवली. आईने माझ्याकडे नुसतं बघितलं. आणि मी तो हात परकराच्या घोळात लपवला.

"माझ्या हातून झालं," आबा म्हणाले. मान खाली, मापं घेताना असायची तशीच. "राग आला होता. पोरीचा दोष नाही. तिच्या मनात आहे, तुम्ही तिला न्या." अक्का "आबा" म्हणाली आणि उठायला लागली, तर आईने तिचं मनगट असं दाबलं की ती खाली बसली. चार माणसांत बापाने शब्द टाकला होता, तो खोटा कसा पाडायचा? मुलाच्या आईने अक्काचा हूक पुन्हा लावला, तिच्या गालावरून हात फिरवला. तो गाल तोवर किती मऊ झाला होता! "पोर सोन्यासारखी शे तुमची," ती म्हणाली आणि पायात चपला घातल्या. ज्या घरात बाप एवढ्या मोठ्या मुलीचा गळा धरतो तिथे सोयरीक नको, असं मध्यस्थाने चार दिवसांनी येऊन सांगितलं. तो सांगेपर्यंत ते गल्लीत सगळ्यांना कळलं होतं.

वळ दिवाळीनंतरही दिसत होते. ते गेले तरी बोलणं गेलं नाही. ज्या बायका पोरींना घेऊन मापाला यायच्या त्या आता जुनं पोलकं मापाला पाठवायला लागल्या. मग तेही कमी झालं. आबा धोतरं टाचत बसायचे, पायजमे शिवायचे. अक्काला दोन वर्षांनी बोदवडला दिलं, किराण्याच्या दुकानदाराकडे. माणसं वाईट नव्हती. पण फळा नाही, खडू नाही. तिने मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही, आणि त्याचाच मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? घरात त्या रविवारचा विषय कोणी काढला नाही. आईला वाटायचं की तिनेच मारलं असा आबांना संशय आला, म्हणून त्यांनी तिला पाठीशी घातलं; आणि त्या संशयाने ती मनातून मोडली होती. ती विचारायची नाही. आबा सांगायचे नाहीत. लेपाचं नाव काढायला मला बंदी होती, आणि ती बंदी मला फार सोयीची होती.

सहा वर्षं गेली. मी मॅट्रिक झाले आणि मला धुळ्याच्या अध्यापिका विद्यालयात प्रवेश मिळाला. हो, त्याच. आबांनीच हट्ट धरला होता. निघायच्या आदल्या सकाळी त्यांनी मला ओसरीवर बोलावलं, "मास्तरीणबाई, या, लांब बाहीचं पोलकं शिवतो." दंडाचं माप घेतलं, मनगटाचं घेतलं. मग माझा डावा हात आपल्या हातात घेऊन त्यांनी उलथा केला आणि टेप मधल्या बोटावर ठेवला. बोटाचं माप कोण घेतं? मी हसणार होते. आबा म्हणाले, "सव्वातीन. वाढला हात. तेव्हा पावणेतीन होता." माझं हसू कुठल्या कुठे गेलं. त्यांनी टेपवरून नजर उचलली नाही. "आईचा हात मोठा आहे. वळ बघितले तेव्हाच कळलं, हे शकूचं माप. माझ्या पोरींची मापं मला कळत नाहीत होय? म्हटलं, बहिणी-बहिणींत भांडण झालं, रागात धरला असेल गळा. लहान होतीस. पण तुझंही लग्न व्हायचं होतं. आपल्या बहिणीचा गळा धरणारी पोर, असं नाव एकदा पडलं की जन्मभर चिकटतं. माझं काय, माझं सगळं होऊन गेलं होतं."

म्हणजे सहा वर्षं ह्या माणसाने मला असली पोर समजून माझ्या ताटात स्वतःच्या हाताने भाकरी वाढली होती, फीचे फॉर्म भरले होते, सायकल धरून मला चालवायला शिकवली होती. मी त्यांच्यापुढे खाली बसले. "आबा, मी नाही हो धरला गळा. लिंबू होतं ते. चेहऱ्याला लावायचा लेप. हाताला रस होता आणि आम्ही उन्हात बसलो." मग सगळंच सांगितलं, जिजामाय, चिंच, धाबं, सगळं. आतून आईच्या हातातलं भांडं खाली पडल्याचा आवाज आला, पण ती बाहेर आली नाही. आबा ऐकत होते. त्यांच्या तोंडावर प्रथम सुटका दिसली, अगदी लहान पोरासारखी. मी तशी नव्हते म्हणून. ते मोकळं हसले सुद्धा. "लिंबू?" म्हणाले. "नुसतं लिंबू?" आणि मग ते हसू हळूहळू उतरत गेलं, कारण पुढचा हिशेब त्यांच्या लक्षात यायला लागला होता. धुळ्याची ती माउली, अक्का, फळा. मुली घेऊन न येणाऱ्या बायका. त्यांनी टेप गुंडाळला, उलगडला, पुन्हा गुंडाळला.

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस, बाई?" त्यांनी विचारलं. रागाने नव्हे, खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं. मी डाव्या हाताची मूठ मिटून मांडीवर ठेवली. ते मशीनकडे वळले आणि माझ्या लांब बाहीला पहिली शिवण घातली.